त्या खोलीत आपलं कोणीतरी

रिपेका होहेपाच्या माहेरी ‘सोशल वर्कर’ हा शब्द शिवीसारखा वापरत. एखादं पोर जास्तच शहाणपणा करायला लागलं, दुसऱ्याच्या ताटात नाक खुपसायला लागलं, की म्हातारी हुहाना म्हणायची, "काय रे, सोशल वर्कर आहेस का?" पोरं खिदळायची. पण रस्त्यावरून अनोळखी पांढरी गाडी हळूहळू गेली की तीच पोरं कुणी न सांगता परसातून घरात यायची. वायरोआ गावाच्या त्या बाजूला, नदीच्या वळणावर, ज्यातलं एखादं मूल कधी ना कधी उचललं गेलं नाही असं घर सापडणं कठीण होतं. आईबापांकडून मुलं काढून नेणाऱ्या त्या सरकारी कचेरीचं नाव दर काही वर्षांनी बदलायचं. हुहाना नावांच्या भानगडीत पडत नसे. ती नुसतं ‘खातं’ म्हणायची. "खातंच ते," ती म्हणायची, "पोरं खातं."

आणि अशा घरातल्या थोरल्या लेकीनं, चाळिशी उलटल्यावर, एमएसडब्ल्यू करायचं मनात आणलं.

रिपेका तशी उतावळी बाई नव्हती. शाळा सुटल्यावर ती गावातल्या मेंढ्यांच्या कत्तलखान्यात आतडी धुवायला लागली. गावातले निम्मे लोक तिथंच कामाला, सगळे त्याला ‘वर्क्स’ म्हणत. राविरी तिला तिथंच भेटला. दोघांचा एक मुलगा, तो मोठा होऊन पर्थकडे खाणीवर निघून गेला. तो शाळेत असतानाच रिपेकानं काम सांभाळून लहान मुलांच्या शिक्षणाची पदवी घेतली होती आणि गावातल्या माओरी बालवाडीत शिकवायला लागली होती. तिथं दिवसभर मुलांशी आपल्याच भाषेत बोलायचं, त्यांची नाकं पुसायची, त्यांना गाणी शिकवायची. मुलं तिला ‘फाएआ’ म्हणत. आईला, मावशीला, बाईंना, सगळ्यांना तो एकच शब्द. आतड्यांच्या वासातून आपण इथवर आलो याचं तिला मनातून फार अप्रूप होतं, पण ती ते बोलून दाखवायची नाही.

तिची धाकटी बहीण पानिया. फार लाडकी, आणि फार लवकर बिघडलेली. वाईट सोबत, वाईट नशा, मग थोडं सावरणं, मग पुन्हा तेच. तिला दिवस गेले तेव्हा मात्र तिनं सगळं सोडलं होतं. निदान रिपेकाला तसं वाटलं, आणि ती बहिणीला ओळखत होती. मुलगी झाली. पानियानं तिचं नाव ठेवलं मारामा. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या खोलीत खात्याच्या दोन बायका आणि एक पोलीस आले.

रिपेका तिथंच होती. ती म्हणाली, "बाळ माझ्याकडे द्या. माझं घर आहे, नवरा कामाला आहे, मी रोज वीस पोरं सांभाळते."

त्यातली एक बाई सौम्य आवाजात म्हणाली, "तुमच्या घराची पाहणी झालेली नाही."

"मग करा. आत्ता चला माझ्याबरोबर."

"आज शुक्रवार आहे," बाई म्हणाली.

त्या खोलीत कुणीही बाळाचं नाव विचारलं नाही. आपसात त्या दोघी ‘बेबी होहेपा’ म्हणत होत्या. पानिया आधी ओरडली, मग विनवण्या करायला लागली, आणि शेवटी गप्प झाली. ते गप्प होणं रिपेकाला सगळ्यांत भयंकर वाटलं. शुक्रवार गेला, सोमवार आला, पाहणीही झाली, पण तोवर बाळ दक्षिणेकडच्या बेटावरच्या एका कुटुंबात गेलं होतं आणि तिथून ते परत आलं नाही. पुढच्या हिवाळ्यात गिझबर्नच्या रस्त्यावर पानियाची गाडी वळण सोडून खाली गेली. रस्ता कोरडा होता. सगळे अपघात म्हणाले. रिपेकाही अपघातच म्हणायची.

त्यानंतर कित्येक वर्षं एकच विचार तिच्या डोक्यात घर करून राहिला. त्या खोलीत, त्या दोन बायकांच्या जागी, आपलं एक जरी माणूस असतं तर? बाळाचं नाव विचारणारं, आजी कोण, मावशी कोण, हे न सांगता ओळखणारं. शुक्रवारी सुद्धा काम करणारं.

नदीला मोठा पूर येऊन गेला, त्याच्या पुढच्या वर्षी कुइनी रापाता बालवाडीत आली. गिझबर्नमध्ये टेकडीवर, जिथं पूर्वी नर्सांचं वसतिगृह होतं त्या इमारतीत, एक छोटंसं कॉलेज होतं. कुइनी तिथं एमएसडब्ल्यूच्या वर्गाला शिकवायची. साठी ओलांडलेली, एका पायानं लंगडणारी, उत्तरेकडच्या जमातीची बाई. पालकांना काहीतरी सांगायला आली होती. पालक चार आले, त्यातला एक झोपला. नंतर स्वयंपाकघरात रिपेकानं तिला चहा दिला, तळलेल्या पावावर जॅम लावून दिला, आणि मग म्हणाली, "तुम्ही खात्यात होता म्हणे."

"वीस वर्षं."

"तुमच्यासारख्या बायकांमुळे माझी बहीण गेली."

कुइनीनं पावाचा घास गिळला. "असेल," ती म्हणाली. "मी नाही म्हणणार नाही."

रिपेका भांडायच्या तयारीत उभी होती. समोरून काही येईना तेव्हा तिनंच बोलायला सुरुवात केली. खोली, पोलीस, शुक्रवार, सगळं. कुइनीनं ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, "तुझी पदवी आहे ना? मग आमच्याकडे दोन वर्षांत होईल. विचार कर."

"मी तुम्हाला शिव्या देतेय आणि तुम्ही मला गिऱ्हाईक करताय?"

"शिव्या देणारे मला रोज भेटतात, पोरी," कुइनी म्हणाली. "पाव तळून देऊन मग शिव्या देणारी आज पहिल्यांदा भेटली."

रिपेकाला हसू आलं, आणि हसू आलं याचा रागही आला.

मग ती एका शनिवारी कॉलेज बघायला गेली. राविरीला सांगितलं की टायर बदलायला जाते. दरडींमुळे रस्ता जागोजाग एकेरी झालेला, आणि पानियाचं ते वळण वाटेतच. कॉलेज म्हणजे एक लांबट इमारत. व्हरांड्यात ओल, वाचनालय एका खोलीचं, वर्गात बारा खुर्च्या. इथं हरवून जायची भीती नव्हती. कुइनीनं तिला सगळं दाखवलं, आणि रिपेकानं तिला एकच प्रश्न विचारला.

"प्रॅक्टिकलला पोरं उचलायला जावं लागतं?"

"मागच्या सीटवर बसावं लागतं. पोराच्या शेजारी."

"नाही म्हणता येतं?"

"एकदा म्हणता येतं," कुइनी म्हणाली. "दुसऱ्यांदा नाही म्हटलंस तर मी तुला सांगेन की बालवाडीत परत जा, तिथं तुझी गरज आहे. आणि ते खोटं नसेल."

घरी आल्यावर राविरीनं गाडीभोवती फेरी मारली. "टायर जुनेच दिसतात," तो म्हणाला. मग तिनं सांगितलं. तो बराच वेळ दाढी खाजवत राहिला. वर्क्समध्ये सुऱ्या चालवून त्याच्या बोटांचे सांधे सुजलेले असायचे.

"कर तर," तो म्हणाला. "पण तुझ्या आईला तूच सांग. ज्या दिवशी सांगशील त्या दिवशी मी मासे धरायला जाईन."

आणि तो खरंच गेला. रविवारी हुहानाच्या घरी सगळे जेवायला जमले होते. मोठ्या पातेल्यात डुकराची हाडं, बटाटे आणि रानभाजी उकळत होती. रिपेकानं कॉलेजचं सांगितलं, त्या खोलीत आपलं कोणी असतं तर, असंही म्हणाली, तेव्हा तिचा चुलतभाऊ तामाती म्हणाला, "मग आता तू आलीस की आम्ही काय करायचं? हात वर करायचे, का पोरं कपाटात लपवायची?"

"तुझी पोरं कपाटात मावायची नाहीत," रिपेका म्हणाली. "खा गुमान."

दोघं-तिघं हसले. हुहाना हसली नाही. तिनं पळी पातेल्यात ठेवली, हात पुसले आणि म्हणाली, "ह्या घरात तो विषय नको." एवढंच. त्या दिवशी जाताना तिनं रिपेकाला डब्यात कालवण घालून दिलं नाही. नाहीतर त्या घरातून रिकाम्या हातानं कुणी जात नसे.

रिपेकानं तरीही अर्ज केला. नुसता विचार तर आहे, असं ती स्वतःला समजावत होती.

मातिउचं प्रकरण त्यानंतर घडलं. मातिउ चार वर्षांचा, बालवाडीतला सगळ्यांत बडबड्या मुलगा. आई त्याची तरुण, घरात नवा मित्र आणलेला. एरवी मातिउ आजीकडेच असायचा, पण हल्ली आईनं त्याला आपल्याकडे नेलं होतं. आजी म्हणजे तेपोरा, हुहानाची मावसबहीण. रिपेका तिला आंटी म्हणत मोठी झाली. त्या सकाळी मातिउनं चड्डी ओली केली. रिपेका त्याची चड्डी बदलायला बसली आणि तिला त्याच्या मांड्यांच्या मागे वळ दिसले. काही जांभळे, काही पिवळे पडलेले. इलेक्ट्रिक किटलीच्या वायरचे. वर्क्समध्ये काम केलेल्या बाईला मांसावरच्या खुणा कळतात.

"हे काय रे झालं?"

"मी पडलो," मातिउ म्हणाला. तो एरवी तसा बोलत नसे. ते कुणीतरी पढवलेलं बोलणं होतं.

दुपारी रिपेका तेपोराकडे गेली. म्हातारी दारातल्या बाकावर बसून शिंपल्यांतलं मांस काढत होती. रिपेकानं सांगितलं तसा तिचा हात थांबला.

"मला माहीत आहे," तेपोरा म्हणाली. "मी त्याला इकडे आणते. माझ्याजवळच ठेवते. तू फोन करू नकोस."

"आंटी, तू मागच्या महिन्यातही हेच म्हणाली असशील. स्वतःशी."

"तुझ्या पानियाचं काय झालं ते विसरलीस?"

"विसरले नाही."

"मग?" म्हातारीचा आवाज चिरका झाला. "घरातलं घरात मिटवू. त्या मेल्याला माझा थोरला सरळ करेल. फोन करू नकोस, बाय. पाया पडते तुझ्या."

रिपेकानं वचन दिलं नाही. ती उठली आणि घरी आली. राविरीला काही बोलली नाही. त्या वायरवर त्या माणसाचा हात, हे एवढंच तिच्या डोळ्यांपुढे होतं. घरातलं घरात मिटवायचं म्हणजे किती दिवस? आणि मधल्या एका दिवशी वायर डोक्यावर बसली तर? अशा खुणा दिसल्या की कळवायचं, हा बालवाडीचा नियम स्पष्ट होता, पण तिनं नियमासाठी फोन केला नाही. तिला त्या पोराची भीती वाटत होती. सकाळी तिनं खात्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं, आणि तीन-तीनदा सांगितलं की त्याची आजी आहे, चांगली आहे, तिच्याकडे ठेवा. पलीकडचा माणूस म्हणाला, हो, हो, लिहून घेतलं.

त्याच आठवड्यात पांढरी गाडी आली. आजीकडे त्यांनी मातिउला ठेवलं नाही. तेपोराचा थोरला मुलगा तरुणपणी तुरुंगात जाऊन आला होता, आणि पुरात त्याचं घर वाहून गेल्यापासून तो आईच्या गॅरेजमध्ये राहत होता. तसा माणूस असलेल्या आवारात मूल ठेवता येत नाही, म्हणाले. थोरला त्याच दुपारी गॅरेज सोडून गाडीत झोपायला तयार झाला. उशीर झाला होता. मातिउ लांबच्या पामर्स्टन शहरात, कुणा अनोळखी घरी गेला. त्याला वायरनं मारणारा माणूस मात्र महिनाभर गावातच दारूच्या दुकानापाशी दिसत होता.

फोन कुणी केला हे गावाला कळायला वेळ लागला नाही. मातिउची आई बालवाडीच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. ती ओरडेल, मारेल, याची रिपेकानं तयारी ठेवली होती. मुलगी नुसती म्हणाली, "तू तर आमच्यातली होतीस ना?" आणि गेली. पुढच्या सोमवारी निम्मी पोरं आली नाहीत. एक म्हणे आजारी, एक गावाला गेलं. वर्क्समध्ये राविरीच्या शेजारचा माणूस त्याच्याशी बोलेना. दुसरा म्हणाला, "काय राविरी, बायको सरकारात गेली का? मग आता आम्ही तुझ्याबरोबर जेवायचं की नाही ते विचारून सांग." राविरी दुपारची भाकरी, म्हणजे आपला पावाचा डबा, गाडीत बसून खायला लागला. त्यानं तिला हे सांगितलं नाही. तिला दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

नाताळाच्या आधी कॉलेजकडून कळलं की तिला घेतलं आहे. तिनं ती बातमी कुणालाच दिली नाही. कुइनीचा फोन आला तेव्हा रिपेका म्हणाली, "मी अजून विद्यार्थिनीही नाही आणि एक पोर उचलायला लावून मोकळी झाले. मला आणखी काय शिकवणार तुम्ही?"

"पोराला आता कुणी मारत नाहीये," कुइनी म्हणाली.

"रडत असेल."

"हो. रडत असेल."

"मग मी बरोबर केलं की चूक?"

"ते मला सांगता आलं असतं तर मी अजून खात्यात असते," कुइनी म्हणाली. "वर्ग फेब्रुवारीत सुरू होतात. जागा ठेवते."

जानेवारीत, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, तेपोरा गेली. तिला जुना हृदयविकार होता; पण लोक बोलायचे ते बोललेच, आणि रिपेकाला ऐकू जाईल अशा बेतानं बोलले. मराएवर, म्हणजे जमातीच्या सामाईक आवारात, तिथल्या मोठ्या सभाघरात, तिला उघड्या शवपेटीत ठेवलं होतं. सोबत घरच्या बायका काळ्या कपड्यांत बसलेल्या. तीन दिवस माणसं येत राहिली. रिपेका पहिल्याच सकाळी गेली. तिला कुणी हाकललं नाही. मयताला कुणी कुणाला हाकलत नाही. ती मागच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलायला बसली. बायकांनी तिला सुरी दिली, बादली दिली. बोललं कुणीच नाही. गर्दीतही तिच्या दोन्ही बाजूंची बाकं रिकामीच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फाटकाबाहेर पांढरी गाडी थांबली. त्यातून एक तरुण गोरी मुलगी उतरली आणि तिच्याबरोबर मातिउ. नवे बूट, बारीक कापलेले केस. आजीचं शेवटचं दर्शन घ्यायला खात्यानं त्याला पाठवलं होतं, एवढं तरी केलं होतं. पण त्या मुलीला पुढे काय करायचं ते ठाऊक नव्हतं. बाहेरून आलेल्याला आतल्या बाईनं लांब सुरात हाक दिल्याशिवाय मराएवर पाऊल टाकता येत नाही, आणि त्या हाकेला पाहुण्यांमधल्याही एका बाईनं तशीच साद द्यावी लागते. मुलगी फाटकाशी पोराचा हात धरून उभी राहिली. ऊन तापलेलं. व्हरांड्यात म्हाताऱ्या बायका ओळीनं बसल्या होत्या. सगळ्यांनी गाडी बघितली होती. कुणीच उठेना. खात्याला हाक कोण देणार?

रिपेका स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. थोडा वेळ गेला, आणखी थोडा वेळ गेला. मातिउ एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होता. त्याची आई सभाघरात शवपेटीजवळ तोंड झाकून बसलेली. तिला कुणी सांगितलंच नसावं. रिपेकानं सुरी खाली ठेवली, हात धुतले, मागच्या दारानं बाहेर पडली आणि कुंपणाला वळसा घालून रस्त्यानं फाटकापाशी आली. त्या मुलीला म्हणाली, "माझ्या मागे राहा. मी थांबले की थांबायचं." मग मातिउच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली. पाहुण्यांच्या बाजूला. सगळ्या गावासमोर.

व्हरांड्यात कुजबुज झाली. तामाती दुसरीकडे बघायला लागला. आणि मग म्हाताऱ्यांच्या ओळीतून हुहाना उठली.

गुडघ्यांवर हात टेकून ती उठली, दोन पावलं पुढे आली आणि तिनं हाक दिली. तो आवाज रिपेकानं लहानपणापासून ऐकला होता, पण तो आपल्या दिशेनं येताना कधी ऐकला नव्हता. हुहानानं मातिउला हाक दिली. त्याचं नाव घेतलं, त्याच्या आजीचं घेतलं, तिच्या आईचं, नदीचं, डोंगराचं. तुझी माणसं इथं निजली आहेत, ये, म्हणाली. दोन मोठ्या माणसांबद्दल त्यात एक शब्द नव्हता. रिपेकानं उत्तर दिलं. तिचा आवाज मध्येच फाटला, पण तिनं शेवटपर्यंत नेलं. मग ती तिघं हिरवळीवरून हळूहळू पुढे गेली.

आत गेल्यावर मातिउ शवपेटीपाशी जाईना. त्याची आई त्याला कवटाळायला धावली तेव्हा तो अंग चोरून उभा राहिला. रिपेका त्याच्याशी आपल्या भाषेत बोलली, बालवाडीत बोलायची तशी. त्यानं तिच्याकडे बघितलं, मग त्या गोऱ्या मुलीची बाही ओढून इंग्रजीत विचारलं, "आपण घरी कधी जायचं?" त्याची आई बाजूलाच होती. तिनं ते ऐकलं.

तेपोराला पुरून आल्यानंतर हुहाना आपण होऊन रिपेकाच्या घरी आली. असं ती क्वचितच करायची. चहा पुढे ठेवला तरी कपाला हात लावला नाही.

"तू त्या दिवशी म्हणालीस ना, त्या खोलीत आपलं कोणी असतं तर?" ती म्हणाली. "मला लहानपणी खात्यानं नेलं तेव्हा होतं. मला घेऊन गेली ती बाई आपलीच होती. आंटी जून म्हण, म्हणाली. गाडीत मला आपल्या भाषेत गाणी म्हणून दाखवत होती. मला वाटलं, ही आपली आहे, म्हणजे काही वाईट होणार नाही. मी पण तिच्याबरोबर म्हणत गेले, सबंध रस्ताभर. सुट्टीला जातोय, म्हणाली ती."

आईला तेव्हा मुलींच्या ज्या सरकारी वसतिगृहात ठेवलं होतं, त्याबद्दल रिपेकाला तिच्या तोंडून आजवर एक वाक्य ऐकायला मिळालं नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की आई घरात कुठलंही दार लावू देत नाही, न्हाणीघराचंसुद्धा.

"किती दिवस होतीस तिथं?"

"ते विचारू नकोस." हुहाना खिडकीकडे बघत होती. "मारणाऱ्यांची तोंडं मी विसरले. जूनचं तोंड विसरले नाही. ती गात होती ना."

रिपेकानं गार झालेला कप उचलून बाजूला ठेवला. मग रिपेका म्हणाली, "आई, मी जाऊ नको का?"

"मला का विचारतेस? मी हो म्हणणार नाही, कधीच. मरेपर्यंत नाही." हुहाना उठली, दारापाशी थांबली. "पण काल फाटकाशी पोर उन्हात उभं होतं, आणि आम्ही सगळ्या म्हाताऱ्या बसून होतो. मीसुद्धा. तू गेली नसतीस तर मी उठले असते की नाही, मला ठाऊक नाही."

फेब्रुवारीत रिपेका कॉलेजला जायला लागली. बालवाडी सोडावी लागली. खरं तर सोडावी लागली नसती, पण ती असेपर्यंत गेलेली पोरं परत येणार नव्हती, हे तिला कळत होतं. ती गेली आणि महिन्याभरात वर्ग पुन्हा भरला. आठवड्यातले तीन दिवस ती तो दरडींचा रस्ता जायची-यायची. वर्गात अकरा जण होते. पहिल्या सहामाहीत ती एका विषयात नापास झाली, आणि मागच्या सीटवर बसायला एकदा नाही म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणाली नाही.

मातिउचं काही तिच्या हातात आलं नाही. ती त्याला ओळखते म्हणूनच तिला त्या प्रकरणापासून दूर ठेवलं. नियम तसा होता. तो पामर्स्टनलाच राहिला. तिथली माणसं त्याला मारत नाहीत, शाळेत घालतात, एवढं तिला कळलं. त्याची आई गाव सोडून गेली. हुहानाच्या घरी रविवारी जेवण होतं, रिपेका जाते, सगळ्या विषयांवर बोलणं होतं. त्या एका विषयावर होत नाही.

पदवी मिळाल्यावर तिला हेस्टिंग्जला नोकरी लागली. खात्यात नव्हे, एका माओरी संस्थेत. पण खात्याच्या गाडीतून जावंच लागतं. पहिल्याच हिवाळ्यात तिला शहराबाहेरच्या एका घरी पाठवलं. दोन बहिणी, एक सात वर्षांची आणि एक दोन वर्षांची. आई दवाखान्यात, बाप फरार. घरात फक्त आजी, आणि आजीला दिसत नव्हतं म्हटलं तरी चालेल. शेगडीवर दोनदा आग लागून गेलेली. रिपेकानं त्याआधी त्या मुलींचा मामा शोधायला दिवसच्या दिवस फोन केले होते. मामा सापडला होता, हो म्हणाला होता, आणि आदल्या दिवशी त्यानं फोन बंद केला होता.

बरोबरच्या पोलिसानं हाक दिली, मग रिपेकानं; म्हातारीनं दार उघडलं नाही. आतून विचारलं, "कोण तू? कोणाची?"

रिपेकानं सांगितलं. नदी सांगितली, डोंगर सांगितला, आईचं नाव, आजीचं नाव. मग कडी निघाली.

"तू ये," म्हातारी म्हणाली. "तो पोलीस बाहेर थांबू दे."

ती तासाभरानं बाहेर आली तेव्हा धाकटी तिच्या कडेवर होती आणि थोरलीनं उशीच्या खोळीत भरलेले कपडे धरले होते. आजी भिंत चाचपत, मग कुंपण चाचपत गाडीपर्यंत आली. रिपेका धाकटीला गाडीतल्या लहान मुलांच्या खुर्चीत बसवून पट्टा लावायला लागली तेव्हा म्हातारीनं तिचा हात बाजूला सारला आणि बोटांनी शोधत शोधत पट्टा स्वतः लावला. दोनदा ओढून बघितला. मग रिपेकाच्या दिशेनं तोंड न वळवता, कुंपण धरून, घरात निघून गेली.

गाडी सुरू झाली. रिपेका मागे, दोघींच्या मध्ये बसली होती. थोरलीनं विचारलं, "आम्ही परत कधी येणार?"

"मला माहीत नाही," रिपेका म्हणाली.

मुलीनं तिच्याकडे नीट बघितलं, मग किंचाळायला सुरुवात केली. ती हेस्टिंग्ज येईपर्यंत किंचाळत होती. पुढे बसलेला खात्याचा माणूस एकदा मागे वळून म्हणाला, "काहीतरी सांगून गप्प कर ना तिला." रिपेकानं काही सांगितलं नाही. तिनं मुलीच्या हाताशेजारी आपला हात उघडा ठेवला, आणि मुलीनं तो शेवटपर्यंत धरला नाही.